सवलतीच्या कूपनावरचे जेवण

गावाकडचा माणूस निव्वळ हौसेने शहरात फार थोडा जातो. कोर्टाची तारीख असते, दवाखान्यात कोणी असते, मुलाचा प्रवेश असतो, नाहीतर एखादा कागद कचेरीत अडकलेला असतो. काम उरकता उरकता दोन वाजतात. सकाळी बांधून आणलेली भाकरी केव्हाच संपलेली असते आणि मग 'कुठेतरी बसून दोन घास खाऊन घेऊ' असे ठरते. पूर्वी अशा वेळी स्टँडजवळची खानावळ गाठायची, पाटीवरचा भाव वाचायचा आणि ताटावर बसायचे, एवढेच काम असे. आता खिशात मोबाईल असतो आणि त्यावर कूपन आलेले असते : 'आज बाहेर जेवा, शेकडा पन्नास सूट!' या कूपनाविषयीच आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

कूपन हा शब्द तसा आपल्याला नवा नाही. शहरात शिकायला किंवा नोकरीला राहिलेल्या पुष्कळांनी खानावळीच्या कूपनांवर दिवस काढले आहेत. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, कूपनांचे पुस्तक घ्यायचे, आणि जेवायला बसताना एक कूपन फाडून द्यायचे. गावी गेलो तर खाडा धरायचा. खाड्याचे कूपन वाचायचे. त्यात गूढ काही नव्हते. एक कूपन म्हणजे एक ताट. देणारा घेणाऱ्याला ओळखत होता, आणि ताटात काय येणार हे दोघांनाही ठाऊक होते.

मोबाईलवरचे कूपन मात्र निराळे. ते ताटाचे कूपन नसते, सुटीचे म्हणजे सवलतीचे असते. आणि सवलत ही अशी गोष्ट आहे की ती कशावर, किती आणि कोणत्या अटीवर, हे कळल्याखेरीज तिला काही अर्थ नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. त्याची फी मी स्वतः भरली आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या भाचीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. धाकटी बहीण, दाजी, भाची आणि मी असे चौघे पहाटेच्या एस.टी.ने निघालो. फी भरली, कागद दिले, बाहेर पडलो तो अडीच वाजलेले. दाजी म्हणाले, "कुठं साधं ताट मिळालं तर बघू." समोरच एक बरेसे उपाहारगृह होते. दारावरच्या पाटीवर राइस प्लेट १४० रुपये असे लिहिले होते. मी मोबाईल काढला. त्याच उपाहारगृहाचे कूपन त्यावर होते, शेकडा पन्नास सुटीचे. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "दाजी, आजचं जेवण माझ्याकडून. तेही निम्म्या किमतीत."

आत बसलो. चार राइस प्लेट सांगितल्या आणि कूपन दाखवले. वाढपी नम्रपणे म्हणाला, "काका, राइस प्लेटवर कूपन चालत नाही. सुटे पदार्थ मागवा, त्यावर चालेल." आता अर्धी किंमत सोडायची कशी? सुटे पदार्थ मागवले. दोन भाज्या, प्रत्येकी २२० रुपये. डाळ १८०. बारा रोट्या, पंचवीसच्या भावाने ३००. जिरा राइस १६०. चार पापड १००. बेरीज झाली १,१८० रुपये. मी मनातल्या मनात निम्मे केले : ५९०. चार राइस प्लेटचे ५६० झालेच असते. म्हणजे तीस रुपये जास्त देऊन मेजवानी झाली, अशा समाधानात मी हात धुऊन आलो.

बिल आले १,२८२ रुपयांचे.

गल्ल्यावर विचारले तेव्हा त्या तरुणाने कूपन उघडून खालचे बारीक अक्षर दाखवले. 'कमाल सवलत १५० रुपये.' म्हणजे शेकडा पन्नास खरे, पण दीडशे रुपयांपर्यंतच. १,१८० मधून १५० गेले, राहिले १,०३०. टेबलावर आणून ठेवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या आम्ही फोडल्या होत्या, त्यांचे ८०. त्यावर सूट नाही. झाले १,११०. मग सेवा आकार शेकडा दहा, १११ रुपये. त्यावर जीएसटी शेकडा पाच, ६१ रुपये ५ पैसे. एकूण १,२८२ रुपये ५ पैसे. वरचे पाच पैसे त्याने सोडले.

माझ्याजवळ तेराशे रुपये होते. परतीचे भाडे त्यातच होते. दाजींनी आपले सगळे पैसे फीला दिलेले. मी बिल दिले आणि अठरा रुपये हातात घेऊन फुटपाथवर उभा राहिलो. कोणी काही बोलेना. तेवढ्यात भाचीने दप्तरातून पाचशेची नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "मामा, हे घ्या. वह्या मी पुढच्या महिन्यात घेते."

मंडळी, मी तीस वर्षे शाळेत शेकडेवारी शिकवली. आणि शेकडेवारीच्या एका ओळीने मला भाचीच्या वह्यांच्या पैशांतून घरी यायला लावले. त्या दिवशी मला कोणी लुबाडले असे मी म्हणणार नाही. अटी लिहिलेल्या होत्या. मी वाचल्या नाहीत, आणि विचारल्याही नाहीत. गल्ल्याशी चौकशी करणे हा कमीपणा वाटला.

आता त्या बिलाचा हिशेब पुन्हा मांडू. १,१८० रुपयांवर १५० रुपये सूट, म्हणजे शेकडा तेराच्या आत. पन्नास नव्हे. आणि कूपन नसतेच तर? चार राइस प्लेट ५६० रुपये, कर २८ रुपये, एकूण ५८८. म्हणजे कूपनामुळे माझे १५० रुपये वाचले असे बिलावर छापून आले. प्रत्यक्षात कूपनापायी ६९४ रुपये जास्त गेले. आपल्याकडे म्हणतातच, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

यातून जे एक सूत्र हाती लागले, तेच आजच्या भाषणाचे सार आहे. सुटीची तुलना छापील किमतीशी करू नका. कूपन नसते तर आपण काय खाल्ले असते आणि त्याला किती पडले असते, त्याच्याशी करा. त्यापेक्षा बिल कमी आले तरच ती सवलत. नाहीतर तो खर्चच.

आता कोणी विचारील, हॉटेलवाला मुळात सूट देतोच का? त्याला काय तोटा करून घ्यायचा असतो? हे समजायला आपला आठवड्याचा बाजार पुरे. सकाळी मेथीची जुडी वीस रुपयांना असते. बाजार उठायच्या वेळी तीच जुडी शेतकरी दहाला देतो, कारण उरलेली मेथी परत नेली तर सुकून जाणार, आणि गाडीभाडे तर भरलेलेच आहे. हॉटेलवाल्याचे रिकामे टेबल म्हणजे ती संध्याकाळची मेथी. जागेचे भाडे, आचाऱ्याचा पगार, दिवाबत्ती हा खर्च गिऱ्हाईक आले काय, न आले काय, होतोच. समजा, २०० रुपयांच्या एका ताटाला धान्य, भाजी, तेल आणि गॅस मिळून ८० रुपये लागतात. मंगळवारी दुपारी टेबल रिकामे असताना ते ताट त्याने १०० रुपयांना दिले, तरी भाड्यापगाराकडे वीस रुपये जमा होतात. रिकाम्या टेबलाने काहीच जमा होत नाही. म्हणून कूपन बहुधा कामाच्या दिवशी, दुपारी चालते आणि रविवारी रात्री चालत नाही. रविवारी टेबल भरणारच असते. तिथे सूट दिली तर पूर्ण पैसे देणारे गिऱ्हाईक दारातून परत जाईल.

दुसरे कारण ओळख होण्याचे. अमेरिकेतील अटलांटा शहरात १८८०च्या दशकाच्या अखेरीस कोका-कोलाच्या एका मोफत ग्लासाची कूपने वाटण्यात आली. हेतू असा की, माणसाने एकदा फुकट चव घ्यावी आणि पुढे पैसे देऊन यावे. आजचे कूपनही पुष्कळदा हेच करते. नवे हॉटेल उघडले की पहिली दोनचार महिने कूपने निघतात, ती ओळख करून देण्यासाठी.

पण मेथीच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. गावातल्या सगळ्यांनीच ठरवले की आपण संध्याकाळीच भाजी घ्यायची, तर शेतकऱ्याने काय करावे? असेच काहीसे २०१९ साली झाले. झोमॅटो कंपनीने २०१७ मध्ये आपल्या देशात गोल्ड नावाची सभासद योजना आणली होती. वर्गणी भरणाऱ्याला ठराविक हॉटेलांत एका पदार्थावर एक पदार्थ मोफत मिळे. इतरही कंपन्यांच्या अशाच योजना होत्या. कित्येक हॉटेलवाल्यांची तक्रार सुरू झाली की, सूट ही निमित्ताची गोष्ट राहिली नाही, गिऱ्हाईक रोज सुटीवरच येते, आणि सुटीचा भार मात्र आमच्याच अंगावर पडतो. १५ ऑगस्ट २०१९ पासून गुरुग्राममधील शेकडो हॉटेले अशा योजनांतून बाहेर पडली आणि हे लोण दिल्ली, मुंबई, पुणे अशा शहरांत पसरले. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया ही हॉटेलवाल्यांची संघटना त्यामागे उभी राहिली. पुढे चर्चा झाल्या, योजना बदलल्या. पण एक गोष्ट त्यातून सगळ्यांना दिसली : सुटीचे पैसे आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी ते भरतोच.

कोण भरतो, हे पाहायची सवय लावून घ्यावी. कधी हॉटेलवाला आपल्या नफ्यातून भरतो. कधी कूपन देणारी कंपनी गिऱ्हाईक जोडण्यासाठी भरते. कधी बँक आपले कार्ड वापरात यावे म्हणून भरते. कधी आपणच भरतो : किंमत आधी वाढवून, वाटी लहान करून किंवा नको असलेला पदार्थ मागवून. सरकार भरते असेही उदाहरण आहे. २६ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्रात शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हा जेवणाऱ्याने १० रुपये द्यायचे होते. त्या थाळीची किंमत शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरलेली होती. वरचे ४० किंवा २५ रुपये राज्य सरकार केंद्रचालकाला देणार, असे उघड ठरले होते. हिशेब उघडा असला की जेवणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही. मोबाईलवरच्या कूपनात तो हिशेब आपल्याला उघडून पाहावा लागतो, एवढाच फरक.

आता कूपनांचे प्रकार पाहू.

पहिला प्रकार मर्यादेचा, ज्यात मी सापडलो. त्यात दोन आकडे शोधावेत : किमान बिल किती हवे, आणि कमाल सूट किती. शेकडा पन्नास, पण कमाल दीडशे, याचा अर्थ तीनशे रुपयांपर्यंतच खरी अर्धी किंमत. तीनशेच्या वर प्रत्येक रुपया पूर्ण द्यायचा.

दुसरा प्रकार 'एकावर एक'. यात बहुधा दोहोंतला स्वस्त पदार्थ मोफत असतो. ३०० चा एक आणि २०० चा एक घेतला तर ३०० द्यायचे. म्हणजे सूट शेकडा चाळीस. आणि तीही दोन्ही पदार्थ आपल्याला हवे असतील तर. एकट्या माणसाला ही सूट कामाची नाही.

तिसरा प्रकार आगाऊ पैशांचा. आज ४०० रुपये भरा आणि ५०० चे जेवा. इथे मुदत पाहावी. शहरात आपले पुढचे काम सहा महिन्यांनी निघणार आणि कूपन तीस दिवसांचे, असे झाले तर चारशे रुपये बुडाले. शिवाय बिल ४२० झाले तर उरलेले ८० परत मिळतात की नाही, तेही विचारावे.

चौथा प्रकार 'पैसे परत', ज्याला कॅशबॅक म्हणतात. पुष्कळदा हे पैसे रोख परत येत नाहीत. त्याच कंपनीच्या खात्यावर जमा होतात आणि पुढच्या खरेदीतच वापरता येतात. ती सूट नव्हे, पुढच्या जेवणाचे आमंत्रण आहे.

सुटीवर सूट असेल तर बेरीज करू नये. २० टक्के आणि वर १० टक्के म्हणजे ३० टक्के नव्हेत. हजाराचे आधी ८०० होतात, मग त्या ८०० वर दहा टक्के सूट मिळून ७२०. म्हणजे २८ टक्के.

आता बिलाविषयी. सर्वसाधारण उपाहारगृहात जेवणावर जीएसटी शेकडा पाच असतो. तो बिलात केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच असा दोन ओळींत दिसतो. तो दोनदा लावला आहे असे समजू नये. सेवा आकार मात्र सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार हॉटेलने सेवा आकार आपण होऊन बिलात घालू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये, आणि तो देण्याची सक्ती करू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना योग्य ठरवल्या. तेव्हा माझ्या बिलातले ते १११ रुपये मी नाकारू शकलो असतो. त्याचा करही गेला असता आणि बिल १,१६५ रुपये ५० पैसे झाले असते. हे मला घरी आल्यावर कळले. वाढप्याने प्रेमाने वाढले असेल तर त्याच्या हातावर दहावीस रुपये जरूर ठेवावेत; पण ती आपली खुशी, बिलाची ओळ नव्हे. सांगूनही कोणी ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा. बिल जपून ठेवावे. तोच आपला पुरावा.

पाण्याचीही एक गोष्ट. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. म्हणून बाटली फोडण्यापूर्वी भाव विचारावा, किंवा सरळ 'साधे पाणी द्या' म्हणावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. सातवीआठवीच्या वर्गात शेकडेवारीची उदाहरणे शिकवताना पुस्तकातल्या आंब्यांच्या पेट्यांबरोबर एक खरे बिल आणि एक खरे कूपन फळ्यावर मांडा. मुलांना तीन प्रश्न विचारा. छापलेली सूट किती? प्रत्यक्ष पडलेली सूट किती? आणि कूपन नसते तर किती खर्च आला असता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गणिताने मिळतात. तिसऱ्याला थोडा व्यवहार लागतो, आणि तोच मुलांना आयुष्यभर पुरतो. घरात मोबाईल मुलांच्याच हातात असतो. मुलगी जर म्हणाली, "बाबा, थांबा, खालची अट वाचू द्या," तर त्या एका वाक्याने त्या घराचे पुष्कळ पैसे वाचतील.

म्हणजे मग कूपन वापरूच नये का? तसे मुळीच नाही. कामाच्या दिवशी, दुपारच्या वेळी, आपल्याला जे खायचेच होते त्यावर ते लागू होत असेल तर खुशाल वापरावे. त्यात कंजूषपणा नाही. फक्त टेबलावर बसण्याआधी गल्ल्यावर उभे राहून स्पष्ट विचारावे : हे कूपन कोणत्या पदार्थांवर चालते, जास्तीत जास्त किती रुपये सुटतात, आज या वेळी चालते का, आणि सेवा आकार लावता का? चार प्रश्न, अर्धे मिनिट. बैल घेताना आपण दात मोजतो, बियाणे घेताना पिशवीवरची मुदत वाचतो. मग शहराच्या हॉटेलात पाऊल टाकले की तोंडाला कुलूप का लागावे? विचारणारा माणूस अडाणी दिसत नाही. अठरा रुपये मुठीत घेऊन फुटपाथवर उभा राहिलेला दिसतो.

भाचीचे पाचशे रुपये मी त्याच आठवड्यात वह्यांसह पोचते केले. परवा ती सुटीत घरी आली होती. मला म्हणाली, "मामा, आमच्या मेसमध्ये अजून कागदी कूपन आहे. एक कूपन, एक ताट." मी म्हणालो, "बाळ, खाडा धरतात ना? मग झालं तर."